चाकाचे दात

दिवाळी अंकासाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे संपादकांनी कळवले, तेव्हा आमच्या भागातल्या एखाद्या विसरल्या गेलेल्या किल्लेदारावर लिहावे असा माझा बेत होता. दप्तरे उघडलीही होती. परंतु गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात जो इतिहास घोळतो आहे, तो किल्लेदारांचा नाही. मोटारीच्या टायरचा आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकांना टायरचा इतिहास वाढणे हे जरा विचित्रच. पण टायर हाही शेवटी कडबोळ्यासारखाच गोल असतो, एवढे समर्थन करून मी आरंभ करतो.

आमचे गाव पाटण तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डोंगरात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, याच गावचे. त्यांच्याकडे चारही चाके ओढणारी एक जुनी जीप आहे. एरवी ती वडाप म्हणून चालते. पावसाळ्यात मात्र ती वरच्या वाड्यांची नाडी असते. दुधाचे कॅन, रेशनचे पोते, बाळंतीण, परीक्षेची पोरे, सारे काही तीच खाली आणते. दोन वर्षांपूर्वी वैशाखात तिचे टायर पार गुळगुळीत झाले आणि नवे घ्यायला दाजी मला बरोबर घेऊन कराडला गेले. मी शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा; तेव्हा चार अक्षरे अधिक वाचलेला माणूस बरोबर असावा, असा त्यांचा समज. तो समज त्या दिवशी महागात पडला.

दुकानात टायरांच्या चळती होत्या. त्यांतला एक मला भलताच आवडला. रुंद, काळाकभिन्न, अंगावर दोन-दोन बोटे उंचीचे दात, दोन दातांमध्ये लिंबू बसेल एवढी फट. मी म्हणालो, ‘‘दाजी, चिखलाला हाच पाहिजे.’’ दाजींनी खाली वाकून टायरवर हात फिरवला, काहीतरी पुटपुटले, आणि ‘‘मास्तर म्हणतायत तर घेऊ,’’ म्हणून पैसे मोजले. मूळच्या मापापेक्षा ते टायर चांगले रुंद होते. परतताना पाटणच्या स्टँडवर पोरे जीपभोवती जमली. मला उगीचच आपल्या छातीवर बिल्ला लागल्यासारखे वाटले.

त्या आषाढात एका रात्री आमच्या आत्याच्या छातीत कळ आली. गावापासून डांबरी सडकेपर्यंत चार किलोमीटर लाल चिखल. जीप त्यातून निघाली खरी, पण दाजी दात-ओठ खात होते. ‘‘वर वर तरंगतीय,’’ एवढेच ते म्हणाले. डांबर लागले तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. आणि पुढे घाटातल्या तिसऱ्या वळणावर, ओल्या डांबरावर, दाजींनी ब्रेक दाबला न दाबला तोच जीप आडवी सरकत गेली आणि डोंगराकडच्या चरात जाऊन कलंडून बसली. वेग फार नव्हता म्हणून कोणाला लागले नाही. पण पहाटे दुधाचा टेम्पो येईपर्यंत दीड तास आम्ही त्या पावसात आत्याचा हात धरून बसलो होतो. त्या दीड तासात मला दाजींकडे पाहण्याचा धीर झाला नाही. आत्या वाचली. डॉक्टरांनी उशिराबद्दल विचारले तेव्हा दाजींनी ‘‘रस्ता निसरडा हुता,’’ असे सांगितले; माझे नाव घेतले नाही. त्यांनी ते घेतले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिले.

त्यानंतर मी वाचायला बसलो. मास्तराला दुसरे काय येते?

चाकाला काही बांधावे ही कल्पना आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. लोहार गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईतो तापवतो, चिमट्यांनी धरून चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. आक्रसली की ती चाकाला अशी आवळते की पुन्हा सुटत नाही. या अरुंद धावेने जमीन कापली जाते आणि चाकोरी पडते. एकदा चाकोरी पडली की पुढची गाडी त्याच चाकोरीतून जाते. चाकोरी सोडून जाणारे चाक कसे असावे, हा प्रश्न त्या मानाने अगदी अलीकडचा.

हवेचे चाक प्रथम सुचले ते रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाला. वय वर्षे २३. १८४५ साली त्याने पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तीवर चामड्याचे वेष्टन आणि आत हवा. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून त्याने लोकांना दाखवली. लोकांनी पाहिली, कौतुक केले आणि ते विसरून गेले. पुढे चाळीसएक वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली. त्याचे पेटंट पुढे थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे रद्द ठरले, तरी नाव मात्र डनलॉपचेच झाले. इतिहासात हे नेहमीचेच. माझ्या त्या किल्लेदाराचेही थोडेफार असेच झाले आहे.

पहिले टायर सपाट, गुळगुळीत असत. सुक्या रस्त्यावर ठीक, पण पाऊस पडला की मोटारी फुगड्या घालीत. १९०८ साली अमेरिकेतल्या फायरस्टोन कंपनीने एक गमतीदार टायर काढला. त्याच्या अंगावर नक्षी म्हणून चक्क अक्षरेच उठवलेली होती, आणि ती अक्षरे म्हणजे कंपनीचे नाव व ‘न घसरणारा’ या अर्थाचे इंग्रजी शब्द! मोटार धुळीतून गेली की मागे तेच ठसे उमटत. जाहिरातीची ही हौस सोडली, तरी त्यात एक खरी गोष्ट होती. रबराला कडा हव्यात. कडेनेच पकड येते, हे तिथून उमगत गेले.

दात मात्र रस्त्याने दिले नाहीत, ते शेताने दिले. पूर्वीच्या ट्रॅक्टरांची चाके लोखंडी असत आणि त्यांना लोखंडाचेच दात असत. ती शेतात चालत, पण सडकेवर आली की सडक उखडत आणि हाकणाऱ्याची हाडे खिळखिळी करीत. १९३२ साली अलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरला फायरस्टोनने हवेचे टायर बसवले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर ते रबर, ढेकळात टिकणार कसे? तेव्हा कंपनीने जत्रांतून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. बार्नी ओल्डफील्ड हा त्या काळचा गाजलेला मोटार-शर्यतपटू. त्याने १९३३ साली टायर बसवलेला ट्रॅक्टर ताशी ६० मैलांच्याही वर पळवला. शेतात या वेगाचा काय उपयोग, असे कोणी विचारू नये. आपल्याकडे बैलगाडीच्या शर्यती पाहायला जाणारे तरी कुठे विचारतात?

या ट्रॅक्टरच्या टायरवरचे जाड, तिरपे दात बाणाच्या टोकासारखे मांडलेले असतात. चाक पुढे फिरले की मधला चिखल दोन्ही बाजूंना रेटला जातो आणि दात पुन्हा मोकळे होतात. हे दातांचे मर्म. दात चिखलात रुततो म्हणून पकड मिळते हे अर्धेच खरे. रुतलेला चिखल तो पुढच्या फेऱ्याच्या आत झटकून टाकतो की नाही, यावर उरलेले अर्धे अवलंबून. आमच्या तालुक्यात खाली काळी माती आहे. ती ज्याने पायताणाला चिकटून घरापर्यंत आणली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. दातांच्या फटी एकदा काळ्या मातीने भरल्या, की दाताचे टायर आणि टकले टायर यांत काही भेद उरत नाही.

आता जीपकडे येतो, कारण माझा खरा धडा तिथे आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपात फ्रान्स पडला आणि अमेरिकन लष्कराला हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीची घाई सुटली. शंभराहून अधिक कारखान्यांना विचारणा झाली. बँटम नावाच्या एका लहानशा, कर्जात बुडालेल्या कारखान्याने ४९ दिवसांत पहिली गाडी उभी करून दिली. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी ती लाखोंनी बनवली. युद्ध संपेतो अशा सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. जुन्या छायाचित्रांत या जीपचे टायर नीट पाहा. मी पाहिले आणि चपापलो. ते अरुंद आहेत! माप सहा इंच रुंद, १६ इंची रिंगेवर. दात आहेत, पण राक्षसाचे नाहीत. आडव्या, रुंद, एकाआड एक बसवलेल्या विटांसारखे. आणि बाणाचे टोक तर नाहीच. पुढे-मागे कोणत्याही दिशेने नक्षी तीच.

याला कारण आहे. बाणाच्या नक्षीचे टायर उलटे बसवले तर चिखल बाहेर न जाता मध्ये गोळा होतो. शिवाय रणांगणावर गाडीला जेवढे पुढे जावे लागते तेवढेच मागे यावे लागते. अंधारात, गोळीबारात चाक बदलणाऱ्या शिपायाने ‘हा टायर डावीकडचा की उजवीकडचा’ हे कंदील लावून पाहत बसायचे काय? म्हणून ज्याला दिशाच नाही असा टायर. कोणतेही चाक कुठेही लावा. चिखलात ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा तो थोडा उणा, ओल्या सडकेवर तर बराच घसरडा. पण लष्कराने आपली गरज पाहिली आणि निवडला.

आणि अरुंद का? हे मला पुस्तकात वाचून नीट कळले नव्हते. दाजींनी एका वाक्यात सांगितले. मी त्यांना जीपचे छायाचित्र दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘मास्तर, आपल्या चिखलाला खाली तळ हाय.’’

खरेच आहे. आमच्याकडचा लाल चिखल वितभर, फार तर हातभर. त्याखाली मुरूम किंवा जांभा दगड. भाताच्या खाचरात चिखलणी करताना पाय रुततो, रुततो आणि कुठेतरी टेकतो. अरुंद चाक म्हशीच्या खुरासारखे तो राड कापत खाली जाते आणि तळाला टेकते. टेकले की ओढते. रुंद चाक मात्र वर तरंगते, आणि तरंगणाऱ्या चाकाला वळणावर धरायला काही नसते. दाजींना हे त्या दिवशी दुकानातच ठाऊक होते. ते जे पुटपुटले होते ते हेच. मेहुण्याच्या शब्दाचा मान राखला, दुसरे काय.

इथे एक कबुली देऊन टाकतो. माझ्या एका कादंबरीत नायकाची जीप चिखलात फसते आणि नायक दात आवळून ॲक्सिलरेटर दाबतो, चाके गरगर फिरतात व जीप गर्जना करीत बाहेर येते. ते प्रकरण वाचून दाजी बहिणीला म्हणाले होते म्हणे, ‘‘तुझ्या भावानं जीप पार पोटापातूर गाडली.’’ फसलेले चाक जागच्या जागी गरगर फिरवले की ते आपला खड्डा आपणच खणते. दुसरी आवृत्ती निघाली तर ते पान बदलायचे आहे.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर जीप पावसाळी चिखलात किती कामाला आली आणि किती अडली, दोन्ही गोष्टी लोक सांगत आले आहेत. आसामातल्या लेडोपासून १९४२ च्या डिसेंबरात जो रस्ता खणायला घेतला, त्यावरून पहिला तांडा चीनमधल्या कुन्मिंगला पोचला तो १९४५ च्या फेब्रुवारीत. मधले पावसाळे गाड्यांनी चिखलातच काढले. कुठे टायरांना साखळ्या बांधल्या, कुठे लाकडाचे ओंडके अंथरले. आणि एके ठिकाणी तर तिथल्या लोकांनी टायरचा नादच सोडून जीपला आगगाडीची लोखंडी चाके बसवली आणि मोडक्या रेल्वेमार्गावर जीपच इंजिन म्हणून जोडली. निवडीच्या प्रश्नाला याहून सडेतोड उत्तर मला कुठे सापडले नाही.

पण जिथे खाली तळच नाही तिथे काय करायचे? त्याचे उत्तर वाळवंटात मिळाले, आणि ते देणारा माणूस मोठा मजेदार आहे.

राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी. १९२६ साली त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. इतर अधिकारी सुटीत पोलो खेळत. हा मित्रांना घेऊन साध्या फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात घुसे. मधल्या काळात तो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरही होता, आणि तिथून रजा काढून पुन्हा त्या वाळूकडे जाई. १९२९ आणि १९३० साली त्याने महावालुकासागर म्हणून जो प्रदेश ओळखला जातो, त्यात गाड्या घातल्या. डोंगराएवढ्या वाळूच्या लाटा. मोटार त्यावर चढणे अशक्य, असे सगळ्यांचे मत. त्याच्या गाड्यांना चारही चाकांची ओढ नव्हती. फक्त मागची दोन चाके ओढत.

त्याने केले ते असे. रुंद टायर घेतले आणि त्यांतली हवा कमी केली. बस्स. मी हे वर्गात गणित म्हणून घातले तेव्हा मुलांनाही मौज वाटली. समजा, भरलेल्या गाडीचे वजन १६०० किलो. एका चाकावर ४०० किलो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे पंपवाल्याच्या भाषेत साधारण २८ पौंड. तर ते ४०० किलो तोलायला जमिनीला टेकलेले रबर सुमारे २०० चौरस सेंटिमीटर लागते. वहीच्या अर्ध्या पानाहून थोडे अधिक. आता हवा निम्मी करा. तेच वजन तोलायला ४०० चौरस सेंटिमीटर लागतील. टायरच्या भिंती कडक असल्यामुळे हा हिशेब अगदी तंतोतंत जुळत नाही, पण कल तोच. टायर खाली पसरतो, रुंदीपेक्षा लांबीत अधिक पसरतो, आणि उंटाच्या पावलासारखा वाळूवर अलगद बसतो. वाळूत दात नकोतच. वाळूचा वरचा पापुद्रा थोडा घट्ट असतो. दाताने तो फोडला की खाली भुसभुशीत, आणि त्याला तळ नाही. चिखलात जे शस्त्र, तेच वाळूत फावडे.

कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे बॅग्नोल्डला लोखंडी पन्हाळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला बनवलेल्या. गाडी रुतली की त्या चाकाखाली सरकवायच्या. शिवाय इंजिनातले पाणी उकळून वाफ झाली तर ती वाया जाऊ नये म्हणून ती पुन्हा थंड करून वापरण्याची त्याने सोय केली. कोकणस्थालाही हेवा वाटावा अशी काटकसर!

पुढे तो निवृत्त झाला आणि वाळू कशी उडते, टेकड्या कशा सरकतात याचा अभ्यास करीत बसला. १९३९ साली युद्ध लागले, त्याला परत बोलावले आणि पूर्व आफ्रिकेकडे धाडले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या बोटीची टक्कर झाली, ती दुरुस्तीसाठी पोर्ट सैदकडे वळली आणि हा गृहस्थ पुन्हा इजिप्तमध्ये उतरला. तिथले सेनापती होते वेव्हेल. हेच पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय झाले. १९४० साली इटली युद्धात उतरताच बॅग्नोल्डने आपली योजना त्यांच्यापुढे मांडली. वेव्हेलनी विचारले नाही की टायर कसले. सहा आठवड्यांत तुकडी उभी कर म्हणाले. न्यूझीलंडचे शेतकरी-शिपाई निवडून ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ निघाला. पुढे १९४१ च्या अखेरीस त्याच धर्तीवर हिंदी शिपायांचीही एक तुकडी उभी झाली.

या तुकडीने कोणत्या गाड्या निवडल्या? शेवरोलेचे साधे ट्रक, मागच्याच दोन चाकांना ओढ असलेले. मध्यंतरी, १९४१ साली, त्यांना चारही चाके ओढणाऱ्या फोर्ड ट्रका मिळाल्या. त्या जड होत्या आणि पेट्रोल ढोसत. शेकडो मैल पंप नसलेल्या मुलखात ते परवडेना. १९४२ साली तुकडी पुन्हा दुचाकी ओढीच्या शेवरोलेकडे वळली. रुंद टायर, त्यांत जेमतेम हवा, आणि जमीन वाचणारा ड्रायव्हर, एवढ्यावर त्यांनी शत्रूच्या पाठीमागे हजारो मैलांच्या फेऱ्या मारल्या. बॅग्नोल्डचे वाळूवरचे पुस्तक १९४१ साली निघाले. मंगळावर २०१५ साली यंत्रगाडी वाळूच्या टेकड्या तपासायला गेली, त्या टेकड्यांना त्याचेच नाव दिलेले आहे.

हवा कमी-अधिक करण्याची ही युक्ती अमेरिकनांनी १९४२ नंतर यंत्रातच बसवली. ‘डक’ नावाची त्यांची गाडी पाण्यात पोहे आणि किनाऱ्यावर चाले. पाण्यातून वाळूवर येताना ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा उतरवी आणि पक्क्या रस्त्यावर आला की पुन्हा भरी. आमच्या दाजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी सीटखालचा पायपंप काढून दाखवला. ‘‘आमचं यंतर हे.’’ डांबर लागले की हवा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर वाकून वाकून तापतो आणि वळणावर रिंगेतून सुटायलाही बसतो.

युद्धाच्या त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतला, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, पुढे जावा-सुमात्राही गेले. आणि जगातल्या रबराच्या बहुतेक सगळ्या मळ्यांवर दोस्तांना पाणी सोडावे लागले. अमेरिकेत खनिज तेल मुबलक होते, तरी तिथे मोटारींचा वेग ताशी ३५ मैलांवर आणला आणि पेट्रोलचे रेशनिंग केले. तेल वाचवायला नव्हे, टायर वाचवायला! लोक कमी हिंडले तर रबर कमी झिजेल, हा हिशेब. त्याच निकडीतून कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर निघाले आणि ते आजतागायत प्रत्येक टायरात आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षी जीप आपल्याकडे सुट्या भागांच्या पेट्यांतून आली आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जुळू लागली. पुढे विकासगट निघाले आणि बीडीओसाहेबांची जीप हे खेड्यातल्या लोकांना झालेले सरकारचे दर्शन ठरले. त्यांतल्या कितीतरी जीपांना तोच लष्करी, दिशा नसलेला टायर असे. १९४९ सालीच मिशलँ या फ्रेंच कंपनीने रेडियल टायर बाजारात आणला. त्याच्या आतले धागे आडवे, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने जातात. त्यामुळे भिंत लवते आणि पाऊल सपाट बसते. १९७० साली विलायतेत रेंज रोव्हर निघाली तेव्हा तिला असेच रेडियल होते, सडक आणि शेत दोन्हींसाठी. दोन घोड्यांवर पाय ठेवणारा टायर तेव्हापासून सर्वमान्य झाला.

आज दुकानात तीन जाती मिळतात. ‘एच-टी’ सडकेचा, ‘एम-टी’ चिखलाचा आणि मधला ‘ए-टी’. मी दाजींच्या गळ्यात मारला होता तो एम-टी. त्याच्या मोठाल्या फटींमुळे डांबराला टेकणारे रबरच कमी, उंच दात ब्रेक लावताना वाकतात, आणि पाणी तोडायला ज्या बारीक चिरा लागतात त्या त्याच्या अंगावर थोड्याच. वाळूवर नाही, काळ्या मातीत बेताचाच, ओल्या घाटात धोक्याचा. चार किलोमीटर चिखलासाठी सव्वीस किलोमीटर डांबर मी विसरलो होतो. इतके साधे गणित, आणि मी गणित शिकवतो.

यंदाच्या वैशाखात आम्ही पुन्हा कराडला गेलो. दुकानदाराने ओळखले आणि तेच दातवाले पुढे ओढले. दाजी माझ्याकडे पाहत उभे. मी म्हणालो, ‘‘दाजी, तुम्हीच बोला.’’ त्यांनी आधी दारावरची कंपनीची पट्टी वाचून मूळचे माप सांगितले, तेच अरुंद. मग ए-टी मागितला. पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घेतले, स्टेपनीसुद्धा. कारण पुढची आणि मागची चाके लहान-मोठी असली तर चारही चाकांची ओढ लावताच गिअरावर ताण येतो. माझ्याकडे त्यांनी एकच काम दिले. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दुकानदाराच्या चळतीतला एक टायर पाच वर्षांपूर्वीचा निघाला. नक्षी कोरी करकरीत, पण रबर म्हातारे. तो मी बाजूला काढायला लावला. एवढी तरी विद्या कामी आली.

श्रावणात दोनदा तो घाट रात्री उतरलो. त्याच तिसऱ्या वळणावर दाजींनी मुद्दाम हलकासा ब्रेक लावून पाहिला आणि काही न बोलता तंबाखूची डबी माझ्यापुढे धरली. मी तंबाखू खात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी चिमूटभर घेतली.

आत्या आता ठणठणीत आहे. परवा चकलीची भाजणी दळायला तिला पाटणला जायचे होते. जीपपाशी येऊन तिने काठीने नव्या टायरवर दोनदा ठोकले.

‘‘जुनंच बसीवलं व्हय रं?’’

‘‘नवीन हायेत, आत्या,’’ दाजी म्हणाले.

‘‘मग दात कुठं गेलं? आधीची चाकं लई देखणी हुती.’’

दाजींनी माझ्याकडे न पाहता दार उघडले आणि तिला हात देऊन वर चढवले.